नकाशातली चौथी चूक

अट्रॅक्टाबाईंनी नकाशा फेस्टी गॅविनच्या टेबलावर उलगडला आणि चारी कोपऱ्यांवर त्याच्याच घरचे चहाचे मग दाणकन ठेवले.

"ही चौथी खेप, फेस्टी. उद्या हा छापखान्यात जाणार. आज चूक काढलीस तर तळ्यात ढकलीन तुला."

शाळेतून निवृत्त झाल्यावर तीन वर्षं बाईंनी पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, इतिहासाच्या पुस्तकापायी रबरी बूट झिजवले होते. एकशे बारा वावरांची नावं, चुन्याच्या भट्ट्या, दुष्काळात ओस पडलेल्या घरांचे चौथरे, सगळं जागच्या जागी बसलं होतं. बाकीच्या गावकऱ्यांनी मुकाट्याने माना डोलावल्या. एकटा हा बाबा हटून बसला होता. आधी म्हणे तळ्याकाठच्या एका वावराची विहीर बांधाच्या पलीकडे. मग त्याच वावराचा होडीचा धक्का सरकला. मग तळ्याची कडच खोटी निघाली, कारण तळ्यातून निघणारी नदी खोल केल्यावर पाणी चार फूट उतरलं होतं. दर वेळी खरं त्याचंच निघे, आणि त्यामुळे बाईंचं डोकं जास्तच फिरे.

फेस्टीने चष्मा पुसला, घातला, परत पुसला.

"कड बरोबर आहे आता. पण बाई, त्या वावरात..."

"देवा रे! पुन्हा तेच वावर?" बाईंनी पेन्सिल त्याच्या हातात कोंबली. "घे, तूच काढ. मी टेकले हात."

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत त्याची बायको न्यूला कणीक तिंबत होती. मग विहीर आणि तळं यांच्या मधोमध तो बारीक ठिपके देऊ लागला. अकरा झाले. बारावा जरा बाजूला.

"तिथे काय आहे? नुसत्या पांढऱ्या गारगोट्या," बाई म्हणाल्या.

"बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं. चर्चच्या आवारात पुरू देत नसत. बापाने पेटी काखेत घेऊन एकट्याने जायचं आणि घरी येऊन तोंड उघडायचं नाही, अशी रीत." पेन्सिल बाराव्या ठिपक्यावर थांबली. "ही आमची. सदतीस वर्षं झाली. न्यूलाने वर्षभर विचारलं, कुठे म्हणून. मग सोडून दिलं."

बाईंना आपल्या चढ्या आवाजाची लाज वाटली.

"सांगायचंस ना रे तिला!"

"जीभ उचलत नाही. म्हटलं, पुस्तकात आलं की वाचेल. वाटलं, त्या वावरात काय आहे ते तुम्ही तरी विचाराल, तर तुम्ही आपल्या विहीर सरकवून चालू लागायचात."

"पुस्तक यायला नाताळ उजाडेल, फेस्टी."

त्याने पेन्सिल नकाशावर ठेवली.

"न्यूला," त्याने हाक मारली, "तुझे रबरी बूट कुठायत?"

"दारामागे! जातील कुठे? आणि माझ्या बुटांशी तुला काय करायचंय?"

फेस्टी उठला. दारामागचे दोन्ही जोड, त्याचा आणि तिचा, त्याने काढले आणि तिचा आधी पुसायला घेतला.