लिंबाएवढी कोबी

सांगा भाऊ, विश्वास कोणावर ठेवाल? बियाण्यावर, की वीस वर्षं केळी पिकवलेल्या हातावर? मी विळा बोलतोय, सावद्याच्या सुकदेवनानांचा. मी हातावर ठेवला.

लोटन लोहार मला विकताना म्हणाला होता, "नाना, हा दाढीपण करीन!" दाढी काही केली नाही, पण केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं अशी उडवली, की मोठ्या खोडाचा घास कोणी खाल्ला नाही. आमचे घड बघायला लोक रावेरहून यायचे.

एकोणीसशे चौतीसची गोष्ट. नानांची बायको तानुबाई शिवरात्रीला जळगावच्या दवाखान्यातून घरी आली. पोटात अन्न ठरेना. तिथल्या मडमेनं लोणी घालून दिलेली उकडलेली बारकी, अख्खी कोबी तेवढी तिला गेली होती. मडमेनं बियांची पुडीही दिली. तानुबाईनं पावसाळा पेजेवर काढला.

"दवाखान्यातली लिंबाएवढी," बी टाकताना नाना म्हणाले, "आपली नारळाएवढी करू!"

परसात सहा झाडं लागली. मार्गशीर्षात पानापानाच्या बगलेत हिरवी गाठ फुटली. नानांनी लगेच ओळखलं, पिलं! रोज सकाळी आम्ही ती छाटायचो, म्हशीपुढे टाकायचो अन् शेंड्याकडे बघत बसायचो.

कुंपणावरून शेजारची बेबाबाई हसायची, "नाना, कोबी लावली का शेवगा?"

"थांब, गड्डा धरीन!"

पौषात तानुबाई भिंत धरत परसात आली. गव्हाणीत वाकली, एक गाठ उचलली.

"अवो, दवाखान्यातल्या कोब्या याच तं होत्या!"

 मी नानांच्या हातातच होतो. त्यांनी मला खाली ठेवलं.

शेंड्याशी नऊ गाठी उरल्या होत्या. त्या भरेपर्यंत ऊन तापलं, गाठींची पानं सैल सुटली. तरी नानांनी स्वतः उकडल्या, लोणी घातलं. तिनं एक तोंडात धरली अन् हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवली.

"कडू झाल्या. पुढच्या साली छाटू नका बरं."

होळीआधीच ती गेली.

कोणी विचारलं तर नाना सांगतात, "बियाणंच खोटं निघालं." मला छपरात खोचलंय. गंज पात्याच्या मध्यापर्यंत आलाय. आता कोणी काढेल असं वाटत नाही.

भाऊ, पिकलेलं सगळेच हिशेबात मांडतात. तुम्ही कापलेलंही मांडा, ज्याच्या हातून कापलं त्याच्याच नावावर. बियाणं चांगलं होतं. एवढं खरं लिहून ठेवा.