चिकटवलेलं छप्पर

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी मागच्या खोलीत स्टेशनमास्तरच्या घराच्या तारेला सोल्डर करत होतो. फोनवर मेहुणा होता. त्या दिवशी बायकोजवळ थांबायची पाळी त्याची होती. "ताई गेली," एवढंच म्हणाला. मी प्लग काढला आणि निघालो. तार तशीच लोंबत राहिली.

मागच्या खोलीत आमची टेबलभर छोटी, हातानं बनवलेली रेल्वे आहे. रूळ, गाड्या, सिग्नल माझे. घरं तिची. मी असतो तर भिंतींना बाहेरून रंग देऊन मोकळा झालो असतो; घरांच्या आत काहीतरी असावं, हे खूळ तिचं. खोल्या पाडणाऱ्या कागदी भिंती, कागदाची कपाटं, काड्यांचे पलंग, तांदळाएवढे बल्ब. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या भिंतीतून उजेड झिरपू नये म्हणून ती त्या आतून काळ्या रंगवायची. सगळ्या खिडक्या कधीच उजळू द्यायची नाही. "सगळीकडे लावले तर ते गाव कसलं, दिव्यांचं दुकान," म्हणायची. आणि छप्पर कधी चिकटवायची नाही. डब्याच्या झाकणासारखं नुसतं ठेवायची, कारण बल्ब आज ना उद्या जातोच.

स्टेशनमास्तरचं घर तिनं आजारपणात, अंथरुणावर बसून केलं. मला बघू दिलं नाही.

"झाकण उघडलंत तर याद राखा. दिवा लागला की खिडकीतून बघायचं."

"एवढं काय आहे आत?"

"तुम्ही आहात. पण गप्प बसलेले, त्यामुळे कुणी ओळखणार नाही."

ती गेल्यावर त्या तारेला हात लावणं मला जमेना. मेहुणा सोबतीला राहिला होता. एक दिवस मी कामावरून आलो तर तो दारातच उभा.

"दाजी, डोळे मिटा."

हाताला धरून त्यानं मला मागच्या खोलीत नेलं. डोळे उघडले तर स्टेशनमास्तरच्या घरात दिवा लागला होता. पण खिडक्या पांढऱ्या होत्या, धुकं बसल्यासारख्या. मी फडक्यानं पुसल्या. पुसलं जाईना. पांढरं आतून होतं.

"छप्पर कशानं लावलंस?"

"ढिलं होतं, म्हणून तो झटकन चिकटणारा गोंद आणला. आतल्या भिंतींच्या वरच्या कडांनाही लावला. आता हत्ती बसला तरी हलणार नाही."

त्या गोंदाची वाफ बंद जागेत कोंडली की खिडकीच्या प्लॅस्टिकवर बसते आणि ते कायमचं आंधळं होतं. नवशिक्यालाही पहिल्याच घराला हे कळतं.

"मला एका शब्दानं विचारायचं होतंस."

"सरप्राइज विचारून देतात का? आणि दिवा तर लागलाय ना, दाजी."

दिवा तर लागलाय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत काय होतं?"

"आत?"

"छप्पर बंद करायच्या आधी, आत काय होतं?"

तो डोकं खाजवू लागला. "कागदाचं सामान होतं. टेबल होतं बहुतेक. माझं लक्ष तारेकडे होतं. नीट बघितलं नाही."

"चालता हो."

"ती माझी बहीण होती, दाजी."

"मग बघायचं होतंस ना!"

शेजारच्यांना ऐकू गेलं असेल इतक्या जोरात ओरडलो. तो बॅग भरून गेला. गोंदाची ट्यूब टेबलावरच विसरला.

मग सासूबाईंचा फोन आला. त्यानं चांगल्या मनानं केलं, म्हणाल्या. केलं असेल. वाईट मनानं केलं असतं तर बरं झालं असतं. निदान त्याच्या नावानं पोटभर शिव्या तरी देता आल्या असत्या. आता तिच्यावरही चिडतो. दाखवायचं होतं तर तेव्हाच दाखवायचं, दिव्यावाचून काय अडलं होतं?

छप्पर कापता येईल. पण आतल्या कागदी भिंती आता छपराला धरून आहेत. छप्पर वर आलं की त्या फाटणार, आणि त्यांना चिकटवलेलं सामानही. मी बारीक पातं आणलंय. ते तिथेच टेबलावर आहे. छप्पर अजून कापलेलं नाही.