बटणला घासणारा ब्रश

ज्या वर्षी घरातल्या पोरांची आत्या सासर सोडून कायमची माहेरी आली, त्याच वर्षी मला विकत आणलं. मी एक जुना, राठ केसांचा लाकडी ब्रश आहे. मित्रांनो, मला गोड बोलता येत नाही. ज्या घरात मी झिजलो, त्या घरावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

घर लाँड्रीवाल्याचं. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे सिमेंटची तीन टाकी: एकात सोडा, दुसऱ्यात ब्लीच, तिसऱ्यात साधं पाणी. मोठ्या दवाखान्याच्या चादरी इथे धुवायला येत. मी रक्ताचे डागसुद्धा काढायचो. मालक गिऱ्हाइकांना मला उचलून दाखवायचा, "हा माझा उजवा हात!" माझं कौतुक झालं ते एवढंच.

आत्या, म्हणजे मालकाची बहीण, येताना एक कुत्री घेऊन आली. पांढरीशुभ्र, काळ्या गोल नाकाची. नाव बटण. सासरहून तिने तेवढंच मागून घेतलं होतं.

मालकाला पांढऱ्यावर मळ खपत नसे. दर सोमवारी तो बटणला चादरींच्या सोड्याने धुवायचा आणि मला घेऊन खसाखसा घासायचा. महिन्याभरात ती पंजे चाटू लागली, इतकी की तिथले केस तांबूस झाले. कान आतून लाल आणि गरम. पोटावर पुरळ. भिंतीला अंग घासून घासून कुशीवरचे केस गेले.

"दादा, हिला तुझा सोडा सोसत नाही," आत्या म्हणाली. "डॉक्टरला दाखवू या."

"तीस वर्षं डाग काढतोय मी. लाल दिसतंय म्हणजे मळ आत मुरलाय."

"खरूज आहे ती," वहिनीने, म्हणजे मालकाच्या बायकोने, भर घातली. "माझ्या पोरांना लागली म्हणजे? सोडून या कुठेतरी लांब."

"मग मलाही तिच्याबरोबर सोडून या, वहिनी."

वहिनी जोरजोरात चादर झटकू लागली.

लाल दिसलं की त्यांना एकच उपाय ठाऊक: आणखी सोडा, आणखी घासणं. मी घासत राहिलो. ब्रशला नाही म्हणता येत नाही. त्यांना मात्र डोळे होते.

एका सोमवारी मालकाने सोड्यात ब्लीचही ओतलं. "आज बघ, कशी फुलासारखी होते!" सोललेल्या कातडीवर ते पडलं. बटण ओरडली. थोड्याच वेळात तिचं तोंड सुजलं, डोळे मिटत आले, अंगभर गांधी उठल्या. ती ओकली. श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

"दादा, टेम्पो काढ!"

"बारापर्यंत चादरी पोचवायच्यात. माशी चावली असेल, उतरेल सूज. आल्यावर नेतो."

आत्याने बटणला ओल्या टॉवेलात गुंडाळलं, मला पुरावा म्हणून पिशवीत टाकलं आणि ती चालत निघाली. वाटेत एकही रिक्षा थांबली नाही.

जनावरांच्या डॉक्टरने इंजेक्शन देता देता मला नाकाशी धरलं. "याने घासता? बाई, ही ॲलर्जी होती. पंजे चाटायला लागली तेव्हाच आणायचं. आज तरी लगेच साध्या पाण्याने धुऊन गाडीने यायचं."

"गाडीत चादरी होत्या," आत्या म्हणाली.

तिने मला परत नेलं नाही. आता मी डॉक्टरच्या खिडकीच्या जाळ्या घासतो आणि बाकी वेळ नळाखाली कुजत पडतो.

मित्रांनो, कुत्रा सारखा खाजवतो तेव्हा हसू नका. नवीन काय लावलं, काय खायला घातलं ते आठवा, ते बंद करा. स्वतःची मलमं त्याला फासू नका, डॉक्टरला दाखवा. तोंड सुजलं, श्वास अडकला, तर हातातलं काम टाकून पळा. हे जमत नसेल तर कुत्रा पाळू नका.

बटण त्याच सोमवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, डॉक्टरच्या टेबलावर मेली. ती चार वर्षांची होती.