शंखाआधी आलेलं पाणी

या, जरा पुढे सरकून बसा. टाळ मांडीवर ठेवा. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर आमच्या गावच्या पाण्याची गोष्ट सांगतो. त्यातला एक गुन्हेगार मीच आहे, म्हणून नीट ऐका.

चिखलीपासून जीपने अर्ध्या तासावर आमचं गाव. त्या उन्हाळ्यात देवीच्या देवळापुढे रोज संध्याकाळी हंड्यांची रांग लागायची. मधोमध पाटावर शंखनाथबाबा. ते मोबाइल बघायचे, डोळे मिटायचे आणि गरजायचे, "माये, सोड धार!" शंख वाजला की देवळाच्या नळाला पाणी. लोक पायावर लोळत. मीही लोळलो, दोन महिने.

तीन-चार वेळा शंख वाजला, पण नळ कोरडाच. त्या त्या दिवशी दुपारी लाईट गेलेली होती, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. बाबा म्हणाले, "पंपघराले बाईची सावली लागली. माय कोपली!"

बाई म्हणजे जयमाला, आमची पंप ऑपरेटर. आयटीआय केलेली. आधी पाणी सकाळी सहाला यायचं. वेळ बिघडली तेव्हा ती म्हणत होती, "पॅनलमधलं घड्याळ चुकून राह्यलं, मले सेल आणू द्या." पण ग्रामपंचायतीने तिच्याकडची पंपघराची चावी काढून मला दिली. मी माळकरी ना! शनिवारी चार वाजता सभा ठरली, तिला कामावरून काढायला.

दुपारच्या आरतीला आमच्या देवळात विजेचा दिवा चालत नाही, फक्त निरांजन. वडिलांपासूनची रीत. देवळाची लाईन पंपघरातून येते, म्हणून आरतीला मी तिथला मेन स्विच पाडतो आणि आरती झाली की वर करतो. बाबा रोज जवळ घेऊन विचारायचे, "माळकरी, बत्ती किती वाजता आली?" मला वाटे, केवढी ही भक्ती!

देवळापुढच्या सभेत जयमाला उभी राहिली. डोळ्यात पाणी नव्हतं, आग होती.

"आबाजी, आज मेन स्विच वर कधी केला?"

"बारा वीसले," मी म्हणालो.

"अन् बाबा, आज शंख कधी?"

"सहा वीसले माय धार सोडन!"

"काल?"

काल मी सव्वाबाराला स्विच वर केला होता आणि शंख सव्वासहाला वाजला होता. बाबा भक्तीपोटी विचारत नव्हते, वेळ काढून घेत होते.

सरपंच अर्जुनराव ओरडले, "बस खाली, पोरी! देवाची परीक्षा घेतं का?"

"देवाची नाही, बाबाची घेतो!" ती म्हणाली. "आबाजी, चावी द्या."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी कमरेची चावी काढून तिच्या हातावर ठेवली. अर्जुनराव आजही म्हणतात, बुढा त्या दिवशी बिघडला.

देवळाला लागूनच असलेल्या पंपघरात सगळे गेलो आणि तिने पॅनल उघडलं. "हे पाहा. मोटर कधी लावायची ते हा लहान कंट्रोलर ठरवतो. त्याच्यात घड्याळ हाय. लाईट गेली तरी ते चालावं म्हणून नाण्याएवढा सेल असतो. तो मेला. म्हणून स्विच पडला की घड्याळ पुन्हा रात्रीच्या बारापासून सुरू होते. त्याले सांगून ठेवलं हाय, सहा वाजले की मोटर लाव. म्हणजे आबाजीच्या स्विचनंतर बरोबर सहा तास!"

"शास्त्र आहे ते! सूक्ष्म लहरी आहेत!" बाबा गरजले.

जयमालाने बटणं दाबून घड्याळ पाच एकोणसाठवर आणलं. मिनिटभर सगळे नळाकडे माना वळवून बघत राहिले. मग पॅनलमध्ये खट् झालं, मोटर घुमली आणि देवळाचा नळ दोनदा खोकून भळभळू लागला.

म्हातारी तानुबाई ओरडली, "बाबा, शंख तर पिशवीतच हाय की वो!"

"मायनं माझ्या मनातला शंख ऐकला!"

"मंग आता मनातल्या मनात बंद करून दाखवा," जयमाला म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. नळ चालूच. पोरं खिदळली. जयमालाने मोटर बंद केली आणि तानुबाईला पुढे ओढलं. म्हातारीने स्वतः तीच बटणं दाबली. मिनिटभराने पुन्हा धार! बाईच्या हाताने, बरं का. एकदा नाही, दोनदा.

जयमालाने मोटर थांबवली, ओढणीच्या गाठीतून स्वतः आणलेला नवा सेल काढून बसवला आणि मोबाइल बघून घड्याळात खरी वेळ लावली, चार बावन्न. मग मला म्हणाली, "आता उद्या आरतीले बिनघोर स्विच पाडा, आबाजी. घड्याळ चालत राहीन."

सहा वीसला बाबांचा पाट रिकामा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला देवळाचा नळ वाहिला, कोणी काही न फुंकता. चावी तिच्याकडे परत गेली. मी मात्र अजून नजरेला नजर देऊन तिची माफी मागू शकलो नाही.

मी देव मानतो. रोज टाळ वाजवतो, उद्याही वाजवीन. पण जो देवाच्या नावाने एखाद्या बाईला विटाळ ठरवतो, त्याच्या पाया पडणार नाही, अन् तुम्हीही पडू नका. चमत्कार दिसला की आधी विचारा, हे कधी होतं, त्याआधी काय झालं, कोणाचा हात लागला? कधी कधी तो हात आपलाच निघतो.

चला, आता टाळ उचला. पण पहाटे हंडा भरताना नळाला हात लावाल तेव्हा एकदा जयमालाची आठवण काढा.