बेरिलियाची धूळ

बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत व्यासराज मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींसाठी बोटाएवढी, पण जबर शक्तीची निर्वात नळी घडवत होता. आतली उष्णता बाहेर काढायला बेरिलिया नावाच्या सिरॅमिकच्या बारीक कांड्या लागत. त्या तिथला कारागीर शंकरनारायण हाताने घासायचा. १९९१मध्ये फुप्फुसं निकामी होऊन तो गेला. त्याची बायको शिवकामी कुंभकोणमला माहेरी परतली होती. व्यासराज तिला भेटायला आला.

“वहिनी, ती धूळ विषारी असते, हे मला ठाऊक होतं. धूळ ओढणारं यंत्र यायला वर्ष लागलं असतं. मी थांबलो नाही.”

“त्यांना सांगितलं होतं?”

“नाही.”

शिवकामी म्हणाली, “त्यांचे कामाचे कपडे मीच झटकून धुवायची.”

“तुम्हाला खोकला येतो?”

“दिवाळीपासून.”

तो तिला तंजावरच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला. तिने त्याला बाहेरचं दार दाखवलं.