शेंड्याची काठी

"पेपरवाल्याला झाडांपर्यंत नेऊ नकोस हनादी. ओट्यावर बसव, कॉफी पाज आणि वाटेला लाव," सासूबाई म्हणाल्या होत्या.

हनादीने नुसती मान हलवली आणि दहा महिन्यांच्या तालीनला कडेवर घेऊन ग्रेगरी नावाच्या परदेशी पत्रकाराला थेट टेकडीवर नेलं. नाब्लुसच्या कॉलेजात चार वर्षं इंग्रजी शिकलेली ती. आपण नीट सांगितलं तर जग नीट ऐकेल, असा तिचा समज होता.

शेजारचे अबू नाइफ काका झाडावरून जैतून, म्हणजे ऑलिव्हची फळं, उतरवत होते. खालच्या फांद्या हाताने, शेंड्याकडच्या लांब काठीने झोडपून. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. ग्रेगरीने फोटो काढला. काठी वर, तोंड उघडं. कारण काका तेव्हा ओरडत होते, "अगं पोरी, या गोऱ्याला बाजूला घे! डोक्यात चार जैतून पडले तर म्हणेल, म्हाताऱ्याने हल्ला केला!"

हनादीने हसत हसत तेही भाषांतर करून सांगितलं. ग्रेगरीही हसला.

तासाभराने गावाच्या जमिनीवर बसवलेल्या वरच्या वसाहतीतले दहा-बारा जण दगड घेऊन उतरले. काकांच्या उजव्या खांद्यावर दगड बसला. भरलेली पोती फाडली, जैतून मातीत तुडवले. ग्रेगरीने सगळं लिहून घेतलं.

दोन दिवसांनी पेपरात पहिल्या पानावर काका. खाली ओळ : 'दोन गटांत चकमक. काठी उगारलेला गावकरी.' दगड सातव्या परिच्छेदात, तेही 'गावकऱ्यांचा दावा' म्हणून. खांदा कुठेच नव्हता.

तिने फोन लावला. "ग्रेगरी, ते झाड झोडपत होते! तुझ्या डोळ्यांसमोर!"

"मी तसंच लिहिलं होतं. पण फोटोखालची ओळ मुख्य कचेरीत लिहितात. तिथे कुणी जैतून उतरवताना पाहिलेलं नाही."

"मग विचारायला तोंड नव्हतं?"

"हे बघ, आम्हाला दोन्हीकडून शिव्या पडतात. वसाहतीतल्यांचंही पत्र आलंय, की आम्ही तुमचीच तळी उचलतो."

"दोघं शिव्या देतात म्हणून तुम्ही बरोबर? झकास हिशेब आहे!"

पाचव्या दिवशी न्याहारीच्या वेळेला सैनिक आले. एकाच्या मोबाइलवर तोच फोटो. तो फोटोकडे बघे, काकांकडे बघे. हनादी कुंपणापाशी धावली. "काकू, काठी आणा! दाखवा त्यांना, पानं चिकटलीत अजून!" उम्म नाइफ लगबगीने दारामागची काठी घेऊन आल्या.

सैनिकांनी काकांना नेलं. पुरावा म्हणून काठीही नेली.

अकरा दिवस झाले. कुठे ठेवलंय, कुणी सांगत नाही. पेपराने मात्र चूक सुधारली, चौकटीत : 'गावकऱ्याचे वय ७१ नसून ६८ आहे.'

सासूबाई 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाल्या नाहीत. तालीनला तिच्या कडेवरून काढून घेतलं, बस्स. तेच जास्त लागलं. हल्ली गाडीचा आवाज आला की हनादी आधी तालीनला खिडकीपासून दूर करते, मग बाहेर बघते.

वाचकांच्या पत्राला दीडशे शब्दांची मर्यादा. तिने आधी पाच पानं लिहिली. मग त्यातला राग खोडला, इतिहास खोडला, ग्रेगरीला खोडलं. सासूबाईंचा इशारा आपण कानाआड केला, तेही खोडलं. उरलं ते एवढं :

'वाचकहो, तुम्ही बाजू कुणाचीही घ्या. पण त्या फोटोतल्या माणसाला तुम्ही पाहिलंय. तुमची कुणा वकिलाशी, तुरुंगात जाऊ शकणाऱ्या कुणाशी ओळख असेल तर एवढं विचारा : फौझी अबू नाइफ, वय अडुसष्ट, वय तुम्ही बरोबर छापलंत, उजवा खांदा सुजलेला, रक्तदाबाची गोळी सकाळ-संध्याकाळ. ते कुठे आहेत? गोळी मिळतेय का त्यांना? कृपा करून कुणीतरी विचारा.'