शंभर ग्रॅमचा आळ

मित्रांनो, मी एक जुना स्प्रिंगकाटा आहे आणि माझ्यावर खोटेपणाचा आळ आहे. तो कसा आला ते ऐका, मग तुम्हीच ठरवा.

पितळी नळीत पोलादी तारेचं वेटोळं, वर कडी, खाली आकडा आणि अंगावर दहा किलोपर्यंतच्या रेघा. झालो मी तयार! कारखान्यातून आलो सिस्टरबाईंच्या पिशवीत. त्या बाळंतपणं करणाऱ्या नर्स. माझ्या आकड्याला त्या कापडी झोळी अडकवत, झोळीत नुकतं जन्मलेलं बाळ ठेवत आणि त्याचं पहिलं वजन मी सांगत असे. बाळाचे वडील माझ्याकडे असे बघत, जणू परीक्षेचा निकालच लागतोय.

पुढे वय झालं, तार सैलावली. आकड्याला काही नसलं तरी मी एक रेघ खाली, म्हणजे शंभर ग्रॅमवर उभा राहू लागलो. सिस्टरबाईंनी मला टाकलं नाही. त्या म्हणायच्या, "माझा काटा शंभर ग्रॅम खोटं बोलतो, पण रोज तेवढंच बोलतो. माणसांचं तसं नसतं." आधी रिकाम्या काट्याकडे बघायचं, मगच बाळाला हात लावायचा, ही त्यांची रीत.

त्या निवृत्त झाल्या. मग त्यांच्या सुनेनं नर्सिंगला जायचं ठरवलं. त्याआधी भौतिकशास्त्राचा ऑनलाइन वर्ग पास व्हायला हवा होता. पदरात सात महिन्यांची लेक. ती निजली की लॅपटॉप उघडायचा, जागी झाली की मिटायचा.

"आई, इंजेक्शन द्यायला हे भौतिकशास्त्र कशाला हो लागतं?"

"सलाईन खाली का येतं ते कळलं नाही, तर बाटली खाटेखाली ठेवशील बाई."

प्रयोग घरातल्याच वस्तूंनी करायचे होते. सुनेनं मला कपाटातून काढलं, तेल दिलं, पुसून लख्ख केलं. एकदा सरांनी सांगितलं, की रिकामं असताना उपकरण शून्यावर नसेल, तर त्याला शून्यत्रुटी म्हणतात. सिस्टरबाई पलीकडून म्हणाल्या, "आमच्याकडे त्याला काट्याचा स्वभाव म्हणतात." सून खुदकन हसली. तिनं एका चिठ्ठीवर 'शंभर वजा' असं लिहून ती माझ्या पाठीवर चिकटवली. त्या दिवशी मला वाटलं, आपलं माणूस मिळालं.

आणि मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. पडद्यावर अठरा चौकोन, अठरा चेहरे. एक लिटर पाण्याचं वजन करायचं होतं. ऐन वेळी आतल्या खोलीत लेक रडायला लागली. सुनेनं घाईघाईत पाण्याची पातळ पिशवी मला अडकवली आणि वाचलं, "एक किलो शंभर."

सर म्हणाले, "वरचे शंभर ग्रॅम कुठून आले?"

चौकोनांत हसू पसरलं. सुनेचे कान लाल झाले. तिला उत्तर माहीत होतं, मित्रांनो! ते माझ्या पाठीवर तिच्याच अक्षरात होतं. पण ती म्हणाली, "सर, काटा बिघडलाय. जुनाच आहे."

"मग तुमचा दोष नाही. दुसरा आणा आणि पुन्हा करा."

दाराशी उभ्या सिस्टरबाईंनी ते ऐकलं आणि त्या रडणाऱ्या नातीला घ्यायला वळल्या. नवा डिजिटल काटा आला, सून पास झाली, पेढ्यासारखी गोड हसली. मी खिळ्यांच्या डब्यात गेलो. दुःख डब्याचं नव्हतं. जिनं तेल दिलं, तिनंच नाव घालवलं, याचं होतं.

महिन्याभरानं लेकीला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी सुनेनं तिला नव्या काट्यावर ठेवलं. "आई, बघा! सात किलो शंभर. उलट शंभर ग्रॅम वाढलीय!"

सिस्टरबाईंनी नातीला उचललं मात्र, त्यांचा चेहरा उतरला. "दुपट्यासकट मोजलंस होय गं? ते एवढं जाड!" त्यांनी डब्यातून मला काढलं. आधी मला रिकामं बघितलं. मग झोळी अडकवून बघितलं. मग नात ठेवली. सगळं वजा जाता सहा किलो सहाशे. लेक चारशे ग्रॅमनं उतरली होती.

तशाच त्या दवाखान्यात धावल्या. डॉक्टरांच्या काट्यानंही तेच वजन सांगितलं. त्या वजनावरच औषधाचं प्रमाण ठरलं आणि चार दिवसांत लेक पुन्हा खिदळू लागली.

सून सासूला म्हणाली, "चुकलं माझं. तेव्हाही आणि आताही. शून्य बघितलंच नाही."

"मला काय सांगतेस?" सिस्टरबाई म्हणाल्या. "ज्याला नावं ठेवलीस त्याला सांग."

तिनं मला पुसून खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलं. पण त्या अठरा चौकोनांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी मी बिघडलेलाच.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात कुणाचं तरी बाळ येईल. जुन्या वस्तूला दोष देण्याआधी ती रिकामी असताना कुठे उभी आहे, तेवढं बघत जा. माझ्या पाठीवरची चिठ्ठी अजून आहे. अक्षर पुसट झालंय. मी मात्र आजही तेवढेच शंभर ग्रॅम जास्त सांगतो, एकानंही अधिक नाही.